गुग्गुळ : मरुभूमीतील एका औषधीची रासायनिक पारख

किराणा माल व काष्ठौषधी ह्यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या पेढ्यांत ज्याने गुग्गुळाचे पोते कधी उघडले नाही असा मनुष्य विरळाच. पोत्याचे तोंड सुटले की तो कडवट, उबदार गंध दुकानभर पसरतो आणि गिऱ्हाईक न विचारताच माल ओळखते. कोणी धूपासाठी मूठभर नेतो. कोणी वैद्य योगराज अथवा त्रिफळा गुग्गुळ सिद्ध करण्यासाठी किलोने मागवितो. औषधांचे कारखानदार तर क्विंटलांत बोलतात. इतका हा पदार्थ आपल्या नित्य परिचयाचा आहे. परंतु ह्या राळेत नेमके आहे तरी काय, ती जंतूंचा नाश करते असे म्हणतात ते कितपत खरे, आणि जे झाड आपल्याला ती देते त्याची आज काय अवस्था आहे, असे कोणी विचारले तर बहुतेक जण निरुत्तर होतील. ज्या मालाची आपण देवघेव करतो त्याचे ज्ञान असणे हेही व्यापाऱ्याचे भांडवलच होय. म्हणून ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात क्रमाने करावयाचा आहे.

झाड आणि त्याची भूमी

गुग्गुळाचे झाड म्हणजे खरे पाहता एक काटेरी झुडूप. पुरुषभर उंचीचे, क्वचित त्याहून थोडे अधिक. फांद्या वेड्यावाकड्या, टोकाशी काटा झालेल्या. पाने लहान, बहुधा तीन-तीन दलांची. साल पातळ कागदासारखी सुटून लोंबत असते आणि तिच्याखाली हिरवट खोड दिसते. पाऊस पडला की झाड पालवते आणि पाऊस सरून काही काळ गेला की पुन्हा निष्पर्ण होते. वर्षाचा बराच भाग ते वाळलेल्या काटक्यांच्या जुडग्यासारखे उभे असते. नवख्या माणसास ते मेलेलेच वाटावे.

राजस्थानचा वालुकामय व खडकाळ प्रदेश, कच्छ व सौराष्ट्राच्या टेकड्या आणि सीमेपलीकडील सिंध व बलुचिस्तान हे ह्या झाडाचे माहेर. मध्य प्रदेशात ग्वाल्हेरच्या उत्तरेस मुरैना-भिंड भागात चंबळेच्या घळींतूनही ते आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास कॉमिफोरा वाइटाय ह्या नावाने ओळखतात. त्यातील ‘वाइटाय’ हा शब्द दक्षिण हिंदुस्थानातील वनस्पतींचा अभ्यास करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट ह्यांचे स्मरण करून देतो. जुन्या ग्रंथांत ह्याच झाडास कॉमिफोरा मुकुल म्हटलेले आढळेल. दोन्ही नावांची वस्तू एकच. अरबस्तान व सोमालियातून येणारा हिराबोळ हा गुग्गुळाचा सख्खा भाऊ आणि आपल्याकडील डोंगरांत वाढणारी सालई ही त्याच कुळातील चुलत बहीण. हे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे भेसळीच्या प्रकरणी त्याचे काम पडणार आहे.

झाडाची वाढ अतिशय मंद असते. राळ काढण्याजोगे होण्यास त्यास आठ-दहा वर्षे लागतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या काळात खोडावर चिरा पाडतात. चिरेतून पिवळसर, चिकट द्रव पाझरतो, हवेने घट्ट होतो आणि त्याच्या तांबूस-तपकिरी गाठी बनतात. त्या खरवडून गोळा करावयाच्या. एका झाडापासून एका हंगामात काही शे ग्रॅमच माल हाती लागतो. म्हणजे आपल्या गोदामातील एका पोत्यामागे पुष्कळ झाडांची आणि पुष्कळ हातांची मेहनत उभी असते.

जुना व्यापार, जुने ज्ञान

गुग्गुळाचा उल्लेख अथर्ववेदात येतो. तेथे सिंधूकडून आलेला आणि समुद्रमार्गे आलेला असे दोन प्रकारचे गुग्गुळ सांगितले आहेत. अर्थात माल कोणत्या वाटेने आला ह्यावरून त्याची ओळख ठेवण्याची चाल तेव्हापासूनची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या व्यापारी मार्गदर्शिकेत सिंधूमुखाजवळचे बार्बरिकॉन बंदर व भृगुकच्छ म्हणजे आजचे भडोच येथून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत गुग्गुळाची जात नोंदलेली आहे. तेव्हा ह्या व्यापारास दोन सहस्र वर्षांची परंपरा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

वैद्यकग्रंथांत सुश्रुताने मेदाच्या विकारांवर गुग्गुळ सांगितला आहे. तसेच शस्त्रकर्म झालेल्या रुग्णासाठी गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड व पांढरी मोहरी इत्यादींची धुरी देण्याचेही त्याने सांगितले आहे. भावप्रकाशकारांनी महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म व हिरण्य असे पाच भेद सांगून त्यांतील सोन्याच्या वर्णाचा हिरण्य गुग्गुळ मनुष्यास विशेष हितकर ठरविला आहे. नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करणारा आणि जुना मेद खरवडणारा, हा भेदही त्यांनीच नमूद केला आहे. काळानुसार राळेत पालट होतो हे आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटले नव्हते. तो पालट कशाचा, हे पाहण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते. ते रसायनशास्त्राने पुरविले.

राळेच्या पोटात काय आहे

गुग्गुळ हा एकच एक पदार्थ नव्हे. तो तीन निरनिराळ्या जातींच्या द्रव्यांचा मिलाफ आहे. पहिली जात डिंकाची. ही शर्करावर्गीय द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि मालाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांचा असतो. दुसरी जात राळेची. ती पाण्यात विरघळत नाही. मद्यार्कात किंवा एथिल ॲसिटेटसारख्या द्रावकात विरघळते. तिसरी जात उडून जाणाऱ्या सुगंधी तेलाची. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, पण पोते उघडताच जो गंध येतो तो त्याचाच. डिंक, राळ व तेल एकत्र असल्यामुळेच गुग्गुळ कोमट पाण्यात घोटला असता दुधासारखे पांढरे मिश्रण तयार होते. डिंक पाण्यात उतरतो आणि राळेचे बारीक कण धरून ठेवतो.

सुगंधी तेलात टर्पीन नावाची द्रव्ये असतात. कार्बनच्या पाच-पाच अणूंचे तुकडे एकमेकांस जोडून वनस्पती ही द्रव्ये तयार करतात. दोन तुकडे जुळले की हलकी, चटकन उडणारी द्रव्ये होतात; मिर्सीन हे त्यांपैकी एक. तीन तुकडे जुळले की त्यांना सेस्क्विटर्पीन म्हणतात, आणि चार जुळले की त्याहून जड द्रव्ये मिळतात. गुग्गुळातून मिळालेले सेम्ब्रीन-ए हे असे चार तुकड्यांचे द्रव्य आहे. हेच द्रव्य ऑस्ट्रेलियातील एका जातीच्या वाळवीत वाट दाखविणारा गंध म्हणूनही सापडले. त्या मुंग्यांसारख्या आंधळ्या कामकरी वाळव्या ह्याच गंधाच्या रेषेने एकामागून एक चालतात. मरुभूमीतील झुडूप आणि दूर देशीचा कीटक ह्या दोहोंनी एकच रेणू घडवावा, हे सृष्टीतील एक कौतुकच म्हटले पाहिजे.

परंतु गुग्गुळाची खरी ओळख पटविणारी द्रव्ये राळेतील स्टेरॉइड वर्गातली आहेत. त्यांचा शोध लावण्याचे पहिले मोठे कार्य आपल्या पुण्यातच झाले ही अभिमानाची गोष्ट होय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव व त्यांचे सहकारी ह्यांनी गुग्गुळातील स्टेरॉइडांची रचना उलगडून १९७२ साली ती प्रसिद्ध केली. पाठोपाठ १९७३ साली सेम्ब्रीन-एचे काम प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. सुखदेव बडोद्यानजीक नंदेसरी येथील मालती-केम संशोधन केंद्रात गेले आणि भारतीय औषधींच्या रसायनाचा त्यांचा अभ्यास तेथेही चालू राहिला.

ह्या द्रव्यांत प्रमुख म्हणजे गुग्गुलस्टेरोन. त्याच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २८ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. त्याची ई आणि झेड अशी दोन रूपे आहेत. अणू तेच, संख्या तीच. केवळ एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी उलट. उजव्या व डाव्या कुशीवर निजलेला एकच मनुष्य डोळ्यांपुढे आणावा म्हणजे हा भेद समजेल. दोन्ही रूपे मिळून चांगल्या मालात त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास भरते. म्हणजे एक किलो गुग्गुळात अवघे वीस ग्रॅम. ज्यावरून मालाची पारख व्हावयाची ते द्रव्य इतके थोडे असते. म्हणूनच डोळ्यांनी व नाकाने केलेली परीक्षा अनेकदा फसते.

जंतुप्रतिबंधक गुण : दावा आणि पुरावा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. झाड राळ पाझरते ते आपल्यासाठी नव्हे. मरुभूमीत खोडावर पडलेली जखम उघडी राहिली तर ओलावा उडून जातो आणि बुरशी, कीटक व जंतू ह्यांना आत शिरण्यास वाट मिळते. राळ ही त्या जखमेवर झाडाने आपण होऊन चढविलेली मलमपट्टी होय. म्हणून तिच्यात जंतूंना प्रतिकूल अशी द्रव्ये असावीत हा तर्क सयुक्तिक आहे. तथापि तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळविण्याची प्रयोगशाळेतील रीत सोपी आहे. काचेच्या उथळ बशीत समुद्रशेवाळापासून केलेल्या आगर नावाच्या खळीचा थर देतात आणि त्यावर जंतूंची पेरणी करतात. मग परीक्षावयाच्या द्रव्यात भिजविलेली कागदाची लहान चकती मधोमध ठेवून बशी एक दिवस उबेत ठेवितात. द्रव्य निष्प्रभ असेल तर जंतूंची साय चकतीला भिडून सर्वत्र पसरते. ते प्रभावी असेल तर चकतीभोवती जंतुविरहित स्वच्छ वर्तुळ उमटते. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरांत मोजून प्रभावाची तुलना करितात. ह्याहून काटेकोर रीत म्हणजे द्रव्य अधिकाधिक पातळ करीत जाऊन कोणत्या किमान प्रमाणापर्यंत ते जंतूंची वाढ रोखते हे पाहणे.

अशा परीक्षा गुग्गुळावर झालेल्या आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुग्गुळाचे सुगंधी तेल, क्लोरोफॉर्ममध्ये उतरविलेला अर्क आणि राळेतून वेगळी काढलेली सात सेस्क्विटर्पीन वर्गीय द्रव्ये ह्यांनी निरनिराळ्या जातींच्या जंतूंची वाढ रोखल्याचे आढळले. त्याआधी २००३ साली झाडाच्या खोडातून मस्कॅनोन नावाचे एक नवे द्रव्य मिळाले होते आणि ते कॅन्डिडा नावाच्या बुरशीवर प्रभावी असल्याचे दिसले होते. म्हणजे गुण कल्पित नाही. काचेच्या बशीत तो प्रत्ययास येतो.

तरी येथे एक भेद समजून घेणे अवश्य आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम ह्या डॅनिश वैद्याने १८८४ साली जंतूंना रंग देण्याची एक रीत शोधून काढली. ज्यांना जांभळा रंग पक्का चढतो ते ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ज्यांचा धुऊन जातो ते ग्रॅम निगेटिव्ह. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस पहिल्या वर्गातला, आणि आतड्यात वास करणारा एश्चेरिशिया कोलाय दुसऱ्या वर्गातला. दुसऱ्या वर्गातील जंतूंच्या अंगावर मेदयुक्त द्रव्यांचे एक जादा बाह्य आवरण असते. जणू गोदामाच्या कुलपावर आणखी एक कुलूप. वनस्पतींची टर्पीन द्रव्ये जंतूंच्या पापुद्र्यात शिरून तो सैल करतात आणि आतला ऐवज बाहेर गळू लागतो. पण हे जादा कुलूप त्यांना सहजासहजी उघडत नाही. म्हणूनच राळा व सुगंधी तेले पहिल्या वर्गावर जितकी चालतात तितकी दुसऱ्यावर सहसा चालत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बशीतील जंतू आणि शरीरातील जंतू ह्यांत महदंतर आहे. बशीत चकतीतील द्रव्य थेट जंतूंवर पडते. पोटात घेतलेल्या गुग्गुळाचे आतड्यात व यकृतात अनेक पालट होतात आणि रक्तात जो अंश पोहोचतो तो जंतू मारण्यापुरता असतो असे दाखविणारा पुरावा नाही. म्हणून गुग्गुळ हा प्रतिजैविक औषधाच्या ठिकाणी घेण्याचा पदार्थ नव्हे. न्यूमोनिया, टायफॉइड किंवा चिघळलेली जखम ह्यांवर गुग्गुळाच्या भरवशावर राहून उपचारास विलंब करणे घातुक ठरेल. ‘जंतुनाशक’ हा शब्द बाटलीवर छापणे सोपे आहे. त्याचे मोल मात्र कोणा रुग्णाला द्यावे लागते.

धुरीविषयी दोन शब्द

आपल्या घरांतून बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा व गुग्गुळ टाकून धुरी देण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. सुश्रुताच्या सांगण्याशी त्याचा धागा जुळतो. डास व माश्या धुराने दूर होतात, खोलीतला कुबट वास जातो, आणि मन प्रसन्न होते ते वेगळेच. परंतु राळेच्या अर्काची परीक्षा म्हणजे धुराची परीक्षा नव्हे. निखाऱ्यावर पडताच राळेतील काही द्रव्ये उडतात, काही जळून दुसरीच होतात, आणि त्यांसोबत काजळीचे सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड वायूही खोलीत भरतो. नवजात बालकाचे फुफ्फुस कोवळे असते. तेव्हा परंपरा राखावयाची असल्यास धुरी बाळ खोलीत नसताना द्यावी आणि नंतर दारे-खिडक्या उघडून धूर जाऊ द्यावा. दम्याच्या रोग्यापाशी तर ती देऊच नये. आपल्या आया-बहिणींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

मेदोरोग आणि रक्तातील चरबी

गुग्गुळाची कीर्ती जगभर पसरली ती मात्र जंतूंच्या संदर्भात नव्हे. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती ह्यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाचे वर्णन आणि रोहिण्यांत चरबी साचण्याचा आधुनिक विकार ह्यांतील साम्य हेरले आणि सशांवर प्रयोग करून १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. चरबीयुक्त आहार दिलेल्या सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल गुग्गुळाने उतरले. ह्याच विदुषी पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने हे कार्य पुढे नेले. एथिल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग वेगळा काढून त्यातील गुग्गुलस्टेरोनचे प्रमाण निश्चित केलेला अर्क तयार झाला, आणि तो ‘गुगुलिपिड’ नावाने औषध म्हणून बाजारात आला.

१९८९ साली ह्या अर्काच्या परीक्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुंबई, नागपूर, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ व वाराणसी येथे त्या झाल्या होत्या. प्रथम २०५ रुग्णांना बारा आठवडे औषध उघडपणे दिले तेव्हा शेकडा ७० ते ८० रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरीने शेकडा २३.६ उतरलेले दिसले. नंतर रुग्णास वा वैद्यास कोणाला काय दिले हे ठाऊक नसेल अशा रीतीने परीक्षा घेतली तेव्हा ही घट शेकडा ११ भरली. तुलनेस घेतलेल्या क्लोफायब्रेट ह्या औषधाची १० होती. आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, मालधनी स्वतःच तराजू धरतो तेव्हाचे वजन आणि त्रयस्थाने केलेले वजन ह्यांत अंतर पडते.

२००२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी गुग्गुलस्टेरोन हे यकृतपेशीतील पित्ताम्लांच्या एका नियंत्रकावर काम करते असे दाखविले, आणि आशा वाढली. पण पुढच्याच वर्षी, २००३ साली, फिलाडेल्फिया येथे १०३ प्रौढांवर आठ आठवडे केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष उलट निघाला. निरौषध गोळी घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल शेकडा ५ उतरले, तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे शेकडा ४ ते ५ वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहार, शरीरप्रकृती व मात्रा ह्यांतील भेदांमुळे असे घडले असेल असे कोणी म्हणतात. ते कसेही असो. कोलेस्टेरॉलवरील हमखास औषध म्हणून गुग्गुळ विकणे आज प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिवाय डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल ह्या हृदयरोगावरील औषधांचा रक्तात पोहोचणारा अंश गुगुलिपिडने घटतो, असे १९९४ साली आढळून आले. तेव्हा अशी औषधे चालू असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्याच्या सल्ल्याविना गुग्गुळ घेऊ नये.

भेसळ आणि पारख

जो माल महाग आणि दुर्मिळ, त्यात भेसळ ठरलेली. गुग्गुळात वाळू, माती व साल मिसळणे हा उघड प्रकार. बाभळीचा डिंक मिसळणे हा त्याहून चतुर. आणि सालईची राळ किंवा परदेशातून आलेल्या भाऊबंद झाडांची राळ गुग्गुळ म्हणून विकणे हा सर्वांत अवघड.

जुनी कसोटी अशी : अस्सल गुग्गुळ अग्नीत टाकला तर सुगंधाने जळावा, उन्हात मऊ होऊन पाघळावा आणि उष्ण पाण्यात दुधाळ व्हावा. ह्या कसोटीमागील रसायन आता वाचकांस उमगले असेल. जळणारे व पाघळणारे ते राळ व तेल. पाण्यात दूध करणारा तो डिंक. बाभळीचा डिंक ह्या परीक्षेत तात्काळ उघडा पडतो, कारण त्यात राळ नाही. वाळू पात्राच्या तळाशी बसते. परंतु सालईची राळ ह्या तिन्ही कसोट्यांना कमीअधिक उतरते, कारण ती त्याच कुळातली. तेथे नाक फसते. सालईत बॉस्वेलिक आम्ले असतात, गुग्गुलस्टेरोन नसते. हा भेद वर्णलेखनानेच कळतो. नमुन्याचे द्रावण एका विशिष्ट थरातून वाहू दिले असता त्यातील निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या वेगाने पुढे सरकतात आणि प्रत्येकाचे स्थान व प्रमाण टिपता येते. मोठा सौदा करणाऱ्याने नमुना प्रयोगशाळेत पाठवून गुग्गुलस्टेरोनचा आकडा मागावा. त्यास लागणारा खर्च सौद्याच्या मानाने किरकोळ असतो, आणि एकदा गेलेली पत कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

झाडाची अवस्था

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर प्रश्न. जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या लाल सूचीत २०१५ सालापासून गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गात आहे. ह्या वर्गाच्या पुढची पायरी निसर्गातून नामशेष होण्याची.

ह्यास कारणे अनेक आहेत. झाड हळू वाढते. बहुतेक झाडे मादीच आढळतात, नर क्वचितच. परागाविनाच बी धरण्याची शक्ती त्याच्या अंगी आहे खरी, परंतु बी रुजण्याचे प्रमाण थोडे आणि रोपे जगण्याचे त्याहून थोडे. खाणी, शेती व गुरांची चराई ह्यांनी त्याचे रान आकसले. पण ह्या सर्वांवर कळस चढविला तो लोभाने. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेत असे आढळले होते की एथेफॉन नावाचे रसायन खोडात घातले असता राळेचे उत्पन्न मूळच्या बावीस पटींपर्यंत वाढते. शास्त्रज्ञांचा हेतू चांगलाच होता. बेताने वापरले तर झाड जगावे असा. परंतु रानात मात्रेचा विधिनिषेध कोणी पाळला नाही. खोल चिरा, दाट लेप, भरमसाट रसायन, आणि एकाच हंगामात सारा रस ओरबाडून घेतलेले झाड पुढच्या पावसात पालवत नाही. काही शे ग्रॅमऐवजी एकदाच थोडा अधिक माल मिळतो, आणि मग त्या जागी कायमचे शून्य. मुद्दल मोडून व्याज खाणाऱ्या पेढीची जी गत होते तीच ह्या रानांची झाली.

आपल्या धर्मपरंपरेतील लेश्यावृक्षाचे चित्र मंदिरांच्या भिंतींवर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. एक म्हणतो झाड मुळासकट तोडू. दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस तोडावयास निघतो. पाचवा पिकली फळेच खुडू म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचली तरी पोट भरेल. भूक साऱ्यांची एकच. भेद केवळ वृत्तीचा. गुग्गुळाच्या रानात आज पहिल्या वाटसरूचे राज्य आहे. आणि कुऱ्हाड त्या गरीब मजुराच्या हाती दिसत असली तरी तिचा दांडा पुष्कळदा दूरच्या बाजारातील भावाने धरलेला असतो, हे आपण व्यापाऱ्यांनी विसरता कामा नये.

उपाय नाहीत असे नाही. पावसाळ्याच्या आरंभी अंगठ्याएवढ्या जाडीची कलमे लावली तर ती चांगली जगतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीस साहाय्य दिले आहे. राजस्थान व गुजरातेत लागवडी झाल्या आहेत. मात्र लावलेले झाड राळ देण्याजोगे होईपर्यंत आठ-दहा वर्षे थांबणारा शेतकरी हवा आणि त्याला योग्य भाव देण्याचा शब्द देणारा व्यापारी हवा. दलालास आपण आजवर भाव आणि वजन एवढेच विचारीत आलो. माल कोणत्या रानातला, झाड जिवंत ठेवून काढला की मारून, लागवडीचा की जंगली, हे तीन प्रश्न त्यांत घालावेत. पहिल्या वर्षी उत्तरे नीट मिळणार नाहीत. पण दहा पेढ्यांनी दहा वर्षे तेच प्रश्न विचारले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून उत्तरे तयार होऊ लागतील, आणि त्या उत्तरांबरोबर माल काढण्याची रीतही बदलेल. बाजाराचा स्वभावच तसा आहे. गिऱ्हाईक जे विचारते ते तो पुरवितो.

गुग्गुळ सर्वरोगहारी नाही, आणि निव्वळ धूपाचे द्रव्यही नाही. त्यात असलेले गुण प्रयोगशाळेत पाहिलेले आहेत, त्यांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जेवढे खरे तेवढेच सांगून माल विकावा आणि जे झाड तो माल देते ते उद्याही उभे राहील अशा रीतीने विकत घ्यावा, एवढे जरी आपल्या सभासदांनी मनावर घेतले तरी दोन सहस्र वर्षांचा हा व्यापार आपल्या पिढीत संपला असे आपल्या नातवंडांना म्हणावे लागणार नाही.